नवोदय सहावी प्रवेश: आकृत्यांच्या बुद्धिमत्तेसाठी सराव संच निवडताना नेमके काय बघायचे?

माळरान

मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत आहे, मराठी माध्यम. नवोदयच्या (जवाहर नवोदय विद्यालय, केंद्र सरकारची निवासी शाळा) सहावीच्या निवड चाचणीला बसणार आहे. गणित आणि उताऱ्यावरचे प्रश्न बऱ्यापैकी जमतात, गाडी अडते ती बुद्धिमत्तेच्या आकृत्यांवर. दुकानात गेलं की ‘२५ संच’, ‘५० संच’, ‘१०० टक्के यश’ अशी दहा पुस्तकं समोर येतात आणि वरवर सगळी सारखीच दिसतात. थोडे नेमके प्रश्न:

स्कॉलरशिपचं बुद्धिमत्ता चाचणीचं पुस्तक घरात आहे. त्यावर भागेल का?

हिंदी आणि इंग्रजीतले संच जास्त मिळतात. मराठीतलाच घ्यावा का?

साधारण किती संच सोडवून घ्यायचे?

घडी घातलेल्या कागदाच्या एकाच प्रश्नाला दोन पुस्तकांत दोन वेगळी उत्तरं दिली आहेत. अशा वेळी कोणतं खरं मानायचं?

---

खडूफळा

आधी पेपरचा साचा पक्का करून घ्या, म्हणजे अर्धी पुस्तकं दुकानातच बाजूला पडतील.

एकूण ८० प्रश्न, १०० गुण, २ तास. त्यात बुद्धिमत्ता चाचणी ४० प्रश्नांची, ५० गुणांची, वेळ ६० मिनिटे. अंकगणित २० प्रश्न आणि २५ गुण, भाषा २० प्रश्न आणि २५ गुण, प्रत्येकी अर्धा तास. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला १.२५ गुण आणि अर्धा पेपर निव्वळ आकृत्यांचा. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, पण तिन्ही विभागांत स्वतंत्रपणे पात्र ठरावं लागतं. नवोदयला मूल दुसऱ्यांदा बसू शकत नाही, हेही लक्षात असू द्या.

बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न दहा भागांत येतात, प्रत्येक भागात चार:

१. गटात न बसणारी आकृती
२. तंतोतंत जुळणारी आकृती
३. आकृतीचा राहिलेला भाग भरणे
४. आकृत्यांची मालिका
५. समसंबंध (पहिलीचं दुसरीशी नातं, तसं तिसरीचं कोणाशी)
६. भौमितिक आकृती पूर्ण करणे (त्रिकोण, चौरस, वर्तुळ)
७. आरशातील प्रतिमा
८. घडी घालून छिद्र पाडलेला किंवा कापलेला कागद उलगडल्यावर
९. तुकडे जोडून होणारी आकृती
१०. लपलेली आकृती

अक्षरमालिका, सांकेतिक भाषा, दिशा, नातेसंबंध, रांगेतला क्रमांक, कॅलेंडर यांतलं इथे काहीही नसतं. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत हे विषय भरून असतील तर ते पुस्तक दुसऱ्या कुठल्या परीक्षेचं आहे, फक्त मुखपृष्ठ नवोदयचं. तुमच्या स्कॉलरशिपच्या पुस्तकाचं उत्तरही यातच आलं. पाचवी स्तराच्या शिष्यवृत्तीच्या पेपर दोनमध्ये बुद्धिमत्तेचे ५० प्रश्न आणि १०० गुण असायचे, पण त्यात शब्द, अंक आणि आकृत्या असं मिसळलेलं असायचं. त्यातली आकृत्यांची पानं (वर्गीकरण, समसंबंध, क्रम, आरसा) जरूर वापरा. सहावा, नववा आणि दहावा प्रकार मात्र तिथे पुरेसा सापडणार नाही, आणि नवोदयला मुलांची दमछाक होते ती नेमकी तिथे.

भाषेचं म्हणाल तर बुद्धिमत्तेच्या भागाला ती जवळजवळ बिनमहत्त्वाची. सगळ्या भाषांच्या पेपरात आकृत्या त्याच असतात, बदलते ती फक्त वरची सूचना. त्यामुळे हिंदीतला संच चांगला छापलेला असेल तर तो बेधडक घ्या. दहाही प्रकारांच्या सूचना मराठीत एका पानावर लिहून मुलीला चार-पाच वेळा वाचायला द्या, म्हणजे परीक्षेत सूचना वाचण्यात वेळ जाणार नाही. गणित आणि भाषेचा सराव मात्र मराठीतच हवा.

अजून एक खूण. नवोदयच्या मालिकेच्या प्रश्नात डावीकडे तीनच आकृत्या असतात आणि चौथी जागा रिकामी. उत्तराचे पर्याय चार. ज्या संचात मालिकेत चार-पाच आकृत्या आणि पाच पर्याय दिसतील, ती पानं मोठ्यांच्या नोकरीच्या परीक्षांच्या पुस्तकांतून उचललेली असतात. सराव म्हणून अपाय नाही, पण पाच आकृत्यांत नियम सापडायला जास्त धागे मिळतात. तीनच दिल्या असताना दोन बदलांवरून नियम काढायचा असतो, ती सवय वेगळी.

---

घडीचा_कागद

साचा वरच्या प्रतिसादात आलाच आहे. मी दुकानात करायची तपासणी सांगतो. खिशात छोटा आरसा आणि एक पारदर्शक प्लास्टिकचा कागद न्या (फाइलचं कव्हर कापलं तरी चालतं). दहा मिनिटांत संच कळतो, आणि पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकबाजारासारख्या ठिकाणी पुस्तक चाळायला कोणी हरकत घेत नाही.

पहिलं पान आरशाचं उघडा. आकृतीशेजारी आरशाची रेषा काढलेली आहे का, आणि तिच्या दोन टोकांना अक्षरं आहेत का? रेषाच नसेल तर तो प्रश्न अपुरा आहे. रेषा उजवीकडे उभी असेल तर डावं-उजवं उलटतं आणि वर-खाली तसंच राहतं. रेषा खाली आडवी असेल तर वर-खाली उलटतं. रेषेवर आरसा उभा धरा आणि पाच प्रश्नांची उत्तरं पुस्तकाच्या उत्तरसूचीशी ताडून बघा. पाचातली दोन चुकली तर पुस्तक परत फळीवर. आरशाचा प्रश्न तपासायला सगळ्यात सोपा असतो, तोच ज्यांनी तपासला नाही त्यांनी घडीचा काय तपासला असणार?

दुसरं, लपलेल्या आकृतीचं पान. प्लास्टिकवर प्रश्नाची आकृती पेनाने गिरवा आणि उत्तराच्या आकृतीवर सरकवत न्या. ती त्याच मापाची, त्याच दिशेने बसली पाहिजे आणि तिची प्रत्येक रेषा खाली सलग मिळाली पाहिजे. हलक्या संचांत तीन दोष सारखे दिसतात: लपलेली आकृती लहान-मोठी झालेली असते, तिरकी झालेली असते, किंवा दोन पर्यायांत सापडते. पुन्हा काढताना चित्रकाराने एखादी रेषा मिलिमीटरभर हलवली की प्रश्न मोडतो. मूल दहा मिनिटं शोधत बसतं आणि शेवटी ‘मला येत नाही’ म्हणतं. दोष पुस्तकाचा आणि खचतं मूल.

तिसरं, तुकडे जोडण्याचं पान. प्रश्नातल्या तुकड्यांची संख्या मोजा, मग बरोबर उत्तराच्या पर्यायात तेवढेच तुकडे आहेत का बघा. मग सर्वांत लांब बाजू पट्टीने मोजा: प्रश्नात ३ सेंटिमीटर आणि उत्तरात २.५ असेल तर माप पाळलेलं नाही. हा प्रकार मापावरच उभा असतो, त्यामुळे माप चुकलेला संच उपयोगाचा नाही.

शेवटी उत्तरसूची. नुसते ए, बी, सी, डी दिलेले असतील तर ते पुस्तक शिकवायला नाही, फक्त मोजायला. प्रत्येक उत्तरामागे एका ओळीचं कारण दिलेलं पुस्तक घ्या, मग त्यात संच निम्मे असले तरी चालेल. ‘बाण प्रत्येक वेळी ९० अंशांनी घड्याळाच्या दिशेने फिरतो, ठिपका एक कोपरा पुढे सरकतो’ एवढं पुरतं.

उत्तरसूचीतली अक्षरंही एकदा मोजून बघा. ४० उत्तरांत १८ वेळा ‘बी’ आलं असेल तर संच घाईत जुळवलेला आहे. मुलांना असा कल लगेच कळतो आणि ती अडली की ‘बी’ टाकायला शिकतात.

---

माळरान

दोघांचेही आभार. आरशाची तपासणी करून बघितली, घरातल्या दोन संचांपैकी एक त्यातच गळला.

मुलीच्या चुका आता प्रकारानुसार लिहिल्या. आरसा चारपैकी चार. राहिलेला भाग भरणं चांगलं येतं. पण ‘गटात न बसणारी’ आणि ‘तंतोतंत जुळणारी’ या दोन्हींत निम्मे चुकतात. हे दोन तर सर्वांत सोपे म्हणतात ना? आणि सहाव्या प्रकारात ती अंदाजाने खूण करते.

---

खडूफळा

सोपे आहेत, पण दोघांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत आणि पेपरात ते शेजारी-शेजारी येतात. बहुतेक पुस्तकं हे सांगतच नाहीत.

‘तंतोतंत जुळणारी’मध्ये आकृती जराही फिरलेली चालत नाही. जशी आहे तशीच, त्याच दिशेने. फिरवलेली आकृती हा तिथला नेहमीचा फसवा पर्याय असतो.

‘गटात न बसणारी’मध्ये अनेकदा तीन आकृत्या एकच असतात, फक्त फिरवलेल्या, आणि चौथी आरशातली असते. इथे फिरलेली ती ‘सारखी’ धरायची आणि उलटलेली ती ‘वेगळी’. आधीच्या प्रकारात जे चूक होतं तेच इथे बरोबर. दोन्ही एका बैठकीत शिकवले की मूल गोंधळतं. त्यामुळे आठवडाभर एकच प्रकार, मग दुसरा, आणि दोन्ही स्वतंत्रपणे बसले की मगच एकत्र.

फिरलेली आणि उलटलेली यातला फरक ओळखायला एक खात्रीची युक्ती आहे. आकृतीत तीन वेगळ्या खुणा शोधायच्या, समजा कोपऱ्यांत गोल, त्रिकोण आणि ठिपका. गोलापासून सुरुवात करून घड्याळाच्या दिशेने बोट फिरवायचं आणि क्रम तोंडाने म्हणायचा: गोल, त्रिकोण, ठिपका. आकृती कितीही फिरवा, हा क्रम बदलत नाही. आरशातल्या आकृतीत तो उलटतो: गोल, ठिपका, त्रिकोण. तीन आकृत्यांत एक क्रम आणि एकीत दुसरा निघाला की उत्तर हातात. मनातल्या मनात आकृती फिरवत बसण्यापेक्षा हे पुष्कळ वेगवान पडतं. (आकृती दोन्ही बाजूंनी सारखी असेल, जसं साधं हृदय किंवा समद्विभुज त्रिकोण, तर उलटून फरकच पडत नाही. तिथे वेगळेपण दुसऱ्या कशात तरी असतं: रेषांची संख्या, छायांकन, बंद की उघडी आकृती.)

गटात न बसणारी शोधताना बघायचा क्रमही ठरवून द्या: बाजू किती, आतल्या खुणा किती, काळी की रेघारेघांची की पांढरी, बाहेर की आत, आणि शेवटी दिशा. मुलं दिशेपासून सुरुवात करतात म्हणून अडकतात. दिशा सगळ्यांचीच वेगळी दिसते.

सहाव्या प्रकारात अंदाज चालतोय कारण त्यात तुकडा मनात फिरवावा लागतो. जाड पुठ्ठ्याचे ८ सेंटिमीटर बाजूचे चौरस, त्याच मापाचे त्रिकोण आणि तेवढ्याच व्यासाची वर्तुळं कापा. प्रत्येकाचे वेडेवाकडे दोन तुकडे करा, एका चौरसाचा एकच तुकडा समोर ठेवा आणि दुसरा बाकीच्या तीन आकृत्यांच्या तुकड्यांत मिसळून शोधायला लावा. सुरुवातीला हाताने जुळवू द्या, आठवड्यानंतर हात न लावता. पेनाने सोडवताना नियम असा: आधी ठरवायचं की पूर्ण आकृती चौरस आहे, त्रिकोण आहे की वर्तुळ, मग कापलेल्या कडेवर किती दात आणि किती खाचा आहेत ते मोजायचं. दिलेल्या तुकड्यावर जिथे दात, तिथे उत्तराच्या तुकड्यावर खाच. दोन खाचांना दोन दात नसतील तो पर्याय बाद. एवढ्यावर बऱ्याचदा दोन पर्याय गळतात, मग उरलेल्या दोनांत कडेची लांबी बघायची.

---

रोज_एक_संच

एवढं बारीक बघण्यापेक्षा रोज एक पूर्ण संच द्यावा, हे माझं मत. १०० संच झाले की हात बसतो. वेग हा संख्येनेच येतो.

---

घडीचा_कागद

वेग संख्येने येतो हे मान्य, पण कशाच्या संख्येने? १०० संच म्हणजे ४००० प्रश्न. एक संच सोडवायला एक तास, आणि चुका नीट समजावून घ्यायला निदान पाऊण तास. पाचवीच्या मुलाकडे रोज एवढा वेळ नसतो, मग कात्री लागते ती चुका बघण्याला. शंभराव्या संचात मूल पहिल्या संचातलीच चूक करतं, फक्त जास्त भरभर.

दुसरं, आकृत्यांचे १०० स्वतंत्र संच बाजारात सहसा नसतातच. जाड पुस्तकात २०-२५ संचांनंतर त्याच आकृत्या पर्यायांची जागा बदलून येतात. पुस्तकातला तिसरा आणि तेविसावा संच शेजारी ठेवून बघा. मूल उत्तर आठवून देतं आणि आपल्याला वाटतं तयारी झाली.

माझ्या अंदाजाने हिशोब असा बसतो. प्रत्येक प्रकाराचे साधारण ५० प्रश्न वेळ न लावता, म्हणजे ५०० प्रश्न. त्यानंतर वेळ लावून १२ ते १५ पूर्ण पेपर. त्यातले शेवटचे तीन नवोदयचे मागच्या वर्षांचे प्रत्यक्ष पेपर असावेत आणि ते आधी उघडूच नयेत. पालक सहसा उलटं करतात: प्रत्यक्ष पेपर सुरुवातीला उत्साहात सोडवून घेतात आणि शेवटी मोजायला पट्टीच उरत नाही.

जुने पेपर घेताना एक लक्षात ठेवा. काही वर्षांपूर्वी पेपर १०० प्रश्नांचा असायचा आणि त्यात बुद्धिमत्तेचे ५०, म्हणजे प्रत्येक भागात पाच. तो पेपर द्यायचा तर प्रत्येक भागातला एक प्रश्न खोडून ४० करा आणि ६० मिनिटं लावा, नाहीतर ५० ठेवून ७५ मिनिटं. ६० मिनिटांत ५० सोडवून ‘वेळ पुरत नाही’ म्हणून मुलाला रागावणं हा निव्वळ अन्याय आहे.

तारखेकडेही लक्ष असू द्या. २०२५ ची परीक्षा १८ जानेवारीला झाली आणि पुढची १३ डिसेंबर २०२५ ला. ‘परीक्षा जानेवारीत असते’ या हिशोबाने आखलेल्या वेळापत्रकातून एक महिन्याहून जास्त सरळ गेला. पूर्ण पेपरांचा टप्पा दिवाळीच्या सुट्टीत सुरू होईल असंच बेतलेलं बरं.

---

किल्ला_अजिंक्यतारा

सोबत सैनिक शाळेचा (सातारा, चंद्रपूर) विचार असणाऱ्यांसाठी थोडक्यात. सहावीच्या सैनिक शाळा प्रवेश परीक्षेत १२५ प्रश्न, ३०० गुण आणि १५० मिनिटं. त्यात बुद्धिमत्तेचे २५ प्रश्न, ५० गुणांचे, आणि ते फक्त आकृत्यांचे नसतात. खरा भार गणितावर: ५० प्रश्न, १५० गुण. नवोदयचा आकृत्यांचा सराव तिथे उपयोगी पडतो, पण ‘नवोदय आणि सैनिक एकत्र’ असं लिहिलेलं पुस्तक घेतलंत तर दोन्हींचं अर्धं-अर्धं मिळतं. दोन पातळ पुस्तकं घ्या.

---

शाईचा_डाग

छपाईबद्दल कोणी फारसं बोललं नाही, म्हणून लिहिते. आकृत्यांच्या प्रश्नात छपाई म्हणजेच प्रश्न.

झेरॉक्सवर करडी छटा एकतर पांढरी होते किंवा काळी. मूळ प्रश्नात काळा, करडा आणि पांढरा असे तीन चौकोन असतील तर झेरॉक्समध्ये दोनच उरतात आणि प्रश्नाला दोन उत्तरं होतात. तुटक रेषा सलग दिसायला लागते, आणि घडीच्या प्रश्नात घडी तुटक रेषेनेच दाखवलेली असते. झेरॉक्सच्या झेरॉक्सचा संच कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. काढायचीच असेल तर मूळ पुस्तकावरून, पान पूर्ण सपाट दाबून. शिलाईजवळ पान वळलं की चौरसाचा समलंब होतो आणि तुकड्यांचा प्रश्न बिघडतो.

मोबाइलवरच्या पीडीएफवर सोडवायला देऊ नका. मूल बोटांनी चित्र मोठं करतं, फोन फिरवतं आणि पर्याय स्क्रीनच्या बाहेर जातात. परीक्षेत प्रश्न आणि चारही पर्याय एका ओळीत, एका नजरेत असतात, आणि डोळ्यांना तीच सवय हवी. पीडीएफ ए-फोर कागदावर मूळ मापात छापा. कागद वाचवायला एका पानावर दोन पानं बसवली की लपलेल्या आकृतीच्या बारीक रेषा एकमेकींत मिसळतात.

आणि उत्तरपत्रिका! ज्या संचात गोल भरायची ओएमआर उत्तरपत्रिका नाही, त्याच्यासाठी ती वेगळी छापून घ्या. पुस्तकातच बरोबरची खूण करून मूल ६० मिनिटांत पेपर संपवतं, मग परीक्षेत वेळ कमी पडतो. एक गोल नीट भरायला पाच सेकंद धरली तर ४० गोलांना २०० सेकंद, म्हणजे सव्वातीन मिनिटं. दोन प्रश्नांचा वेळ तिथेच गेला. सराव निळ्या किंवा काळ्या बॉलपेननेच हवा, पेन्सिलने नाही. भरलेला गोल खोडता किंवा बदलता येत नाही, त्यामुळे ‘आधी ठरव, मग भर’ ही सवय पहिल्या पेपरापासून.

एक प्रश्न सोडला की पुढचे सगळे गोल एकाने सरकतात, ही तर नेहमीची दुर्घटना. त्यावर नवोदयच्या साच्यातच उपाय आहे. प्रत्येक भागात चार प्रश्न, म्हणजे भाग संपला की क्रमांक ४, ८, १२, १६ असाच असला पाहिजे. चार प्रश्न सोडवायचे, चार गोल भरायचे, क्रमांक चारच्या पाढ्यात आहे का बघायचं, पुढे जायचं. सगळे गोल शेवटी भरायला ठेवू नका.

---

खडूफळा

गोल भरायचं फार नेमकं सांगितलंत. त्यालाच जोडून वेळेचं. सरासरी ९० सेकंद प्रतिप्रश्न मिळतात, पण सगळ्या प्रकारांना सारखा वेळ देऊ नका. जुळणारी आकृती, राहिलेला भाग, आरसा, गटात न बसणारी आणि समसंबंध हे वीस प्रश्न सरासरी ४५ सेकंदांत व्हायला हवेत, म्हणजे १५ मिनिटं. बाकीच्या वीसांना पावणेदोन मिनिटं धरली तर ३५. एकूण ५०. उरलेल्या दहांत गोल आणि राहून गेलेले प्रश्न. घरी वेळ मोजताना पूर्ण पेपराचा एकच आकडा लिहू नका, भागवार मिनिटं लिहा. दोन-तीन पेपरांत कुठे गळती आहे ते दिसतं.

शेवटच्या पाच मिनिटांत एकही गोल रिकामा ठेवायचा नाही. गुण वजा होत नाहीत.

---

माळरान

पुठ्ठ्याचे तुकडे कापले, कामाला लागलो. आता घडीच्या कागदाचा तो प्रश्न लिहितो, दोन उत्तरंवाला.

चौरस कागद. डावा अर्धा उजव्यावर घडी. मग वरचा अर्धा खालच्यावर घडी. आता जो छोटा चौरस उरतो त्याच्या मधोमध एक पूर्ण गोल छिद्र, आणि त्याच्या वरच्या कडेवर, मध्यावर, अर्धगोल कापलेला. उलगडल्यावर किती छिद्रं? एका पुस्तकात आठ छिद्रांचा पर्याय बरोबर दिला आहे, दुसऱ्यात सहांचा.

---

घडीचा_कागद

सहा.

दोन घड्या म्हणजे चार थर. मधलं पूर्ण गोल छिद्र चारही थरांतून जातं आणि कुठल्याही घडीला चिकटलेलं नाही, म्हणून उलगडल्यावर चार छिद्रं, प्रत्येक चतुर्थांशाच्या मधोमध एक. इथपर्यंत दोन्ही पुस्तकं बरोबर असणार.

आता वरची कड. वरचा अर्धा खाली आणला आहे, म्हणजे छोट्या चौरसाची वरची कड ही घडीची कड आहे. उलगडल्यावर ती कागदाच्या बरोबर मध्यावरची आडवी रेषा होते. तिथे कापलेले चार अर्धगोल होतात खरे, पण वरच्या थराचा आणि खालच्या थराचा अर्धगोल घडीवर एकमेकांना जोडलेले असतात. दोन अर्धे मिळून एक पूर्ण. म्हणून चारांचे दोनच पूर्ण गोल: एक डाव्या अर्ध्यात, एक उजव्या अर्ध्यात, दोन्ही आडव्या मध्यरेषेवर. चार आणि दोन, सहा. आठवाल्याने घडीवरचा काप थरांच्या संख्येने गुणला आणि तसाच सोडून दिला.

हाच अर्धगोल छोट्या चौरसाच्या खालच्या कडेवर असता तर ती घडी नाही, कागदाची मोकळी कड आहे. तिथे गोल जुळले नसते. उलगडल्यावर चार अर्धगोल खाचा दिसल्या असत्या, दोन वरच्या कडेला आणि दोन खालच्या. मुलीला हा दुसरा प्रकारही लगेच करून दाखवा. वह्यांचे पाठकोरे कागद, कात्री आणि पंचिंग मशीन एवढं सामान पुरे. घडी घातल्याबरोबर, कापायच्या आधी, प्रत्येक कडेवर पेन्सिलने ‘घडी’ किंवा ‘मोकळी’ असं लिहायला लावा.

---

माळरान

कागद कापून बघितला, सहाच आले. आठवालं पुस्तक परत करता येतंय का बघतो. नाहीतर त्यातल्या चुकीच्या उत्तरांवर लाल खूण करून तेच तिला ‘पुस्तकाची चूक शोध’ म्हणून देतो.

---

शाईचा_डाग

परत करू नका. चूक शोधायला दिलेला प्रश्न मुलं दुप्पट मन लावून सोडवतात. फक्त त्यातलं आरशाचं पान आधी तुम्ही स्वतः आरसा धरून तपासा, आणि लाल खूण उत्तरसूचीवर करा, प्रश्नावर नको. प्रश्नावर खूण दिसली की इथे काहीतरी चुकलंय हे तिला सोडवायच्या आधीच कळेल.